थ्रिलर शॉर्टफिल्मची पहिली दोन मिनिटं बसत नाहीयेत, मदत हवीय

पहाटेचा_पेपर

नमस्कार मंडळी. मी पुण्यात फिल्मचा कोर्स करतोय, शेवटच्या सेमिस्टरला पंधरा मिनिटांची शॉर्टफिल्म द्यायचीय आणि मी थ्रिलर घेतलीय. गोष्ट थोडक्यात सांगतो. चार मजली जुनी सोसायटी, तिथे पहाटे पेपर टाकणारा बारावीतला मुलगा. चौथ्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात, त्यांना सांभाळायला ठेवलेला माणूस सगळ्यांना सांगतो की आजोबा मुलीकडे नाशिकला गेलेत. पण पेपर कुणी बंद केलेला नाही, त्यामुळे दारासमोर तीन दिवसांचे पेपर साठलेत. आजोबा खरं तर आतच आहेत, कोंडलेले. मुलाला संशय येतो आणि तिथून सगळं सुरू होतं.

आता ओपनिंग. मी असं लिहिलंय आणि मोबाईलवर टेस्ट म्हणून शूटही केलंय: शहराचा ड्रोन शॉट, मग अलार्म वाजतो, मुलगा उठतो, तोंड धुतो, चहा पितो, सायकल काढतो, गठ्ठे येतात त्या कोपऱ्यावर जातो, सगळी पोरं फूटपाथवर बसून पुरवण्या भरतायत, आणि या सगळ्यावर त्याचा व्हॉइसओव्हर आणि आमच्या टीमची नावं. हे सगळं दोन मिनिटं चाळीस सेकंद. मग सोसायटी, जिना, चौथा मजला, पेपरचा ढीग, टायटल.

तिघा मित्रांना दाखवलं. "फ्रेम मस्त आहेत रे" म्हणाले, पण दीड मिनिटाला एकाने मोबाईल हातात घेतला आणि ते मला फार लागलं, कारण तो खोटं बोलत नव्हता, फ्रेम खरंच चांगल्या आहेत, फक्त पुढे काय होणार याची त्याला काही पडलेलीच नव्हती.

सरांनी सांगितलंय की आधी दोन-तीन चांगल्या थ्रिलरची ओपनिंग्ज ॲनलाइज करून आण मगच शूट. मी बघतोय भरपूर, पण बघताना वहीत नेमकं काय लिहायचं? मी "लो अँगल, डार्क लाइटिंग, टेन्स म्युझिक" असलं काहीतरी लिहितो आणि त्यातून माझ्या सीनचं काय करायचं ते काही कळत नाही. कुणी नीट सांगेल का?

रीळ_आणि_कात्री

अरे, तुझी फिल्म पेपरच्या ढिगापाशी सुरू होतेय. त्याच्या आधीचं सगळं काढून बघ, काय बिघडतं? मला वाटतं काहीच नाही. फक्त ते पुरवण्या भरणं काढू नकोस, ते कुठेतरी लागेल, आत्ता का ते सांगता येणार नाही पण ते खरं आहे आणि तू ते बघितलेलं आहेस हे लगेच कळतं.

ॲनालिसिसचं सांगतो. मी गेली बरीच वर्षं एडिटिंग करतोय आणि अजूनही हेच करतो. वही आडवी धर, पाच रकाने पाड. वेळ, शॉट, आवाज, आणि मग दोन रकाने जे तू लिहीतच नाहीयेस: या क्षणी प्रेक्षकाला काय माहितीये, आणि पात्राला काय माहितीये. लो अँगल आहे की हाय अँगल हे तिसरीतल्या मुलालाही दिसतं, पण या शेवटच्या दोन रकान्यांत फरक कुठे पडतो आणि किती वेळ ताणला जातो, थ्रिलर तिथे असतो.

दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'चं (1958) ओपनिंग घे आणि स्टॉपवॉच लावून बस. सुरुवातीलाच दोन हात, बॉम्बचं घड्याळ साधारण तीन मिनिटांवर लावतात. तो माणूस पळत जाऊन एका गाडीच्या डिकीत ते ठेवतो, लगेच एक जोडपं येतं, गाडीत बसतं आणि निघतं. झालं, आता तुझ्या वहीत चौथ्या रकान्यात "गाडीत बॉम्ब आहे" आणि पाचव्यात "माहीत नाही". इथून पुढे वेल्स काय करतो तर काहीच करत नाही म्हटलं तरी चालेल. मेक्सिको आणि अमेरिकेच्या हद्दीवरचं गाव आहे, रात्र आहे, रस्त्यावर गर्दी, हातगाड्या, शेळ्या, पोलीस ट्रॅफिक अडवतोय, दुसरं एक नवीन लग्न झालेलं जोडपं गप्पा मारत चालत जातंय आणि ती गाडी कधी त्यांच्या पुढे जाते, कधी मागे पडते, कधी फ्रेमच्या बाहेर. कट नाही. तीन मिनिटांच्या वर एकच शॉट, क्रेनवरून. गाडी फ्रेमबाहेर गेली की तू तिला शोधायला लागतोस, आणि जोडप्याच्या जवळ आली की तुझ्या पोटात गोळा येतो, आणि ते दोघं नुसतं चॉकलेट सोडा प्यायला जायचं बोलतायत. चेकपोस्टवर गाडीतली बाई म्हणते की माझ्या डोक्यात टिकटिक ऐकू येतेय, आणि कुणी तिच्याकडे लक्ष देत नाही. हे लिहून ठेव, तुझ्या गोष्टीतही मुलाचं कुणी ऐकत नाहीये.

थ्रिलरवाला दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं ते हेच. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, प्रेक्षकाला आधी सांगितलं तर तेच साधं बोलणं पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकतात.

आणि नावांचं. 1958 ला स्टुडिओने या शॉटवर श्रेयनामावली टाकली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत. वेल्सने फिल्मबद्दल स्टुडिओला 58 पानी मेमो लिहिला होता, त्याच्या आधारावर एडिटर वॉल्टर मर्चने 1998 ला फिल्म पुन्हा एडिट केली, त्यात नावं काढली आणि संगीताच्या जागी रस्त्यावरच्या क्लबांमधून येणारी गाणी आणि गाडीतला रेडिओ ठेवला. दोन्ही व्हर्जन लागोपाठ बघ. नावं वाचताना डोळा गाडीवरून उठतो, आणि दुसऱ्यात गाडी दिसत नसतानाही रेडिओवरून ती जवळ आली की लांब गेली ते कळत राहतं. तुमच्या टीमची नावं शेवटी टाका.

तर माझं मत: आजोबा आत आहेत हे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटात दाखव. मुलगा दारासमोर उभा आहे, आणि आत कुणीतरी दारापर्यंत सरपटत येतंय.

निशाचर_प्रेक्षक

वरच्या दादांचं सगळं पटतं, शेवटचं सोडून. आजोबा दाखवले तर पंधरा मिनिटांत उरलं काय? बॉम्बचं ठीक आहे, बॉम्ब फुटायचाच आहे, प्रश्न एवढाच की कधी. इथे प्रश्न आहे आत कोण आहे, तोच तुम्ही पहिल्या मिनिटाला सोडवून टाकताय.

'जॉज' (1975) बघ ना. पाण्याखालून कॅमेरा सरकतोय, जॉन विल्यम्सचे ते दोन सूर. मग किनाऱ्यावर शेकोटी, मुलगी आणि मुलगा पळत निघतात, ती पाण्यात उतरते, तो नशेत वाळूवरच पडतो. शार्क एकदाही दिसत नाही. ती पहिल्यांदा नुसती खाली ओढली जाते, थोडंसंच, आणि तिला स्वतःलाच कळत नाही काय झालं, तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आहे, भीती नंतर येते. मग ती पाण्यावर तरंगणाऱ्या घंटेच्या बॉयाला धरते, पुन्हा ओढली जाते. आणि मग काय तर शांत पाणी, आणि वाळूवर पडलेला तो मुलगा. मला त्यातला सगळ्यात भीतिदायक शॉट तोच वाटतो, शांत पाण्याचा. यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडायचा म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गला तो लपवावा लागला हे सगळ्यांना माहितीये, पण म्हणूनच तुझ्यासारख्या बजेट नसलेल्याने हे बघायला हवं. तुझ्याकडे एक दार आहे, ते बंद ठेव.

माझ्या मते असं कर. मुलाने मनात पेपर मोजलेले आहेत. काल तीन होते, आज तो चौथा टाकायला येतो आणि खाली दोनच आहेत. बस. प्रेक्षकाला आणि मुलाला एकदमच कळतं.

रीळ_आणि_कात्री

@निशाचर_प्रेक्षक, पेपर कमी होणं झकास आहे, हे मला सुचलं नसतं. पण "काल तीन होते" हे प्रेक्षकाला कसं कळणार? तो आजच आलाय थिएटरात. सांगायला व्हॉइसओव्हर लागेल नाहीतर फ्लॅशबॅक.

निशाचर_प्रेक्षक

त्याच्या समोरच मोजू दे. ढीग दिसतो, तीन. मुलगा चौथा टाकतो, वळतो, जिन्यापर्यंत जातो, काहीतरी विसरलं म्हणून परत येतो, आणि आता एक कमी आहे. सगळं एकाच शॉटमध्ये.

आवाजवाली

मी साउंड करते. तुम्ही दोघं चित्रातच भांडताय म्हणून मध्ये पडते, आणि हे मनापासून सांगतेय कारण एका शॉर्टफिल्मला मी शेवटच्या दिवशी बोलावलेली होते, कॅमेऱ्यावर महिनाभर चर्चा झालेली आणि आवाजाला अर्धा दिवस, शूटच्या वेळी पाण्याचा पंप चालू होता हे कुणाच्या लक्षातच नव्हतं आणि ओपनिंगचा सगळा आवाज टाकून द्यावा लागला. ती शांतता परत बनवता बनवता माझे चार दिवस गेले आणि तरी ती खरी वाटली नाही. म्हणून आधी आवाज लिही, मग शॉट.

तुझ्या सोसायटीत लिफ्ट आहे का? जुन्या बिल्डिंगमध्ये नंतर बसवलेली, जाळीच्या सरकत्या दाराची? त्यातला तो रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज आठव, दार नीट लागलं नाही की "कृपया दरवाजा बंद कीजिए" असं सारखं सारखं म्हणत राहतो. पहाटे पाचला सगळी बिल्डिंग झोपलेली असताना तो आवाज तळमजल्यापर्यंत येतो. आता विचार कर, मुलगा पहिल्या मजल्यावर पेपर टाकतोय आणि वरून तो आवाज येतोय. म्हणजे चौथ्या मजल्यावर कुणीतरी लिफ्टमधून उतरलंय आणि दार उघडंच ठेवलंय. दुसरा मजला, आवाज जवळ. तिसरा मजला, अजून जवळ. प्रत्येक मजल्यावर तो जास्त स्पष्ट होत जातो, आणि मुलगा चौथ्यावर पाऊल टाकतो तेव्हा तो वाक्याच्या मध्येच तुटतो. कुणीतरी दार लावलं. तुला टेन्स म्युझिक लागणारच नाही. वेल्सच्या गाडीतला रेडिओ हेच करतोय, वस्तू किती जवळ आहे ते कानाने सांगतोय.

एक गोष्ट मात्र न चुकता कर. त्याच जिन्यात, त्याच वेळी, प्रत्येक मजल्यावर एकेक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड कर. प्रत्येक मजल्याची शांतता वेगळी असते, कुठे फ्रिज, कुठे ट्यूबची घरघर, कुठे कुणाचा पंखा. ती नसेल तर एडिटला आवाजात खड्डे पडतात.

कोथरूडकर_७

चर्चा फार आवडली म्हणून दोन ओळी. पुण्यातच आहेस तर 'अंधाधुन' (2018) पुन्हा बघ, ती पुण्यातच घडते. सुरुवातीला कोबीच्या शेतात ससा आणि मागे बंदूकवाला. पुढच्या गोष्टीशी काही संबंध लागत नाही आणि मग शेवटाकडे तो ससा कुठून आला ते कळतं. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी जास्त सांगत नाही. मुद्दा हा की ओपनिंगमध्ये जे ठेवशील त्याची परतफेड करावी लागते. लिफ्टचं दार कुणी उघडं ठेवलं होतं ते तुला शेवटपर्यंत माहीत पाहिजे, नाहीतर लोक चिडतात.

आणि व्हॉइसओव्हर काढायचा असेल तर 'रिअर विंडो'ची (1954) पहिली काही मिनिटं. उकाड्यात घाम आलेला चेहरा, नव्वद फॅरनहाइटच्या वर गेलेला थर्मामीटर, प्लास्टरमधला पाय, मोडलेला कॅमेरा, भिंतीवर रेसच्या गाडीच्या अपघाताचा फोटो. एक शब्द न बोलता कळतं की हा फोटोग्राफर आहे, पाय कसा मोडला आणि आता तो घरात अडकलाय. तुझ्या पोराच्या बोटांना शाई लागलेली असेल, खिशात नावांची चिठ्ठी असेल, दप्तर सायकललाच अडकवलेलं असेल कारण इथूनच क्लासला जायचंय. चार वस्तू, पंधरा सेकंद, झालं.

पहाटेचा_पेपर

सगळ्यांचे खूप आभार, मी रात्रभर वहीच भरत बसलो होतो. 'टच ऑफ ईव्हिल' सहा वेळा पाहिलं, एकदा आवाज बंद करून आणि एकदा स्क्रीनकडे पाठ करून. पाठ करून ऐकलं तेव्हा कळलं की गाडी मला ऐकूनच समजतेय.

आज पहाटे मित्राला घेऊन प्रत्यक्ष सोसायटीत रेकीला, म्हणजे शूटची जागा बघायला गेलो. आणि तिथे एक अडचण निघाली. दाराखालची फट मोजली, उंबरा संगमरवरी आहे आणि फट बोटभरही नाही. पेपर आत ओढला जाईल असं आम्ही गृहीतच धरलं होतं, तर मित्र आतून ओढत बसला आणि पेपर अडकला, पुरवणीसकट तो जाड होतो ना. तिसऱ्या वेळी त्याने जोरात ओढला तर मुख्य अंक आत गेला आणि पुरवणी बाहेरच राहिली.

मी बाहेर बसून ते बघत होतो आणि अंगावर काटा आला. कारण मी स्वतः दोन वर्षं पेपर टाकलेत, पुरवणी आपण हाताने आत सारतो, ती सुटी कधीच पडलेली नसते. दारासमोर नुसती पुरवणी दिसली तर दुसऱ्या कुणाला काही वाटणार नाही, पण पेपर टाकणाऱ्या पोराला लगेच कळेल की हा पेपर कुणीतरी ओढलाय, आणि उभं राहून दार उघडून घेतलेला नाही.

तर आता असं ठरवतोय. पहिला शॉट फूटपाथवर, फक्त हात, पुरवणी पेपरमध्ये सारतायत, शाई लागलेली बोटं, एक, दोन, तीन. आठ-दहा सेकंद. मग थेट जिना, लिफ्टचा आवाज, मजले. चौथ्यावर आवाज तुटतो. दारासमोर तीन पेपर. मुलगा चौथा टाकतो, जायला निघतो. कॅमेरा त्याच्याबरोबर जात नाही, जमिनीलगत दारापाशीच थांबतो, मागे मुलगा आउट ऑफ फोकस जिना उतरतोय, आणि पुढे पेपर हलतो. थोडासाच. थांबतो. मग ओढला जातो. पुरवणी राहते. हात दाखवत नाही. म्हणजे आत कुणीतरी आहे हे प्रेक्षकाला कळलं, कोण ते नाही कळलं. तुम्हा दोघांचंही त्यात आलं असं मला वाटतं. मग दुसऱ्या दिवशीची पहाट, तोच जिना, मुलगा वर येतो, पुरवणी बघतो आणि थांबतो. टायटल.

लिफ्टमधून कोण उतरलं होतं तेही ठरलं. तो सांभाळणारा माणूस रात्री बाहेर असतो आणि पहाटे परत येतो, शेवटच्या सीनला त्याच आवाजावरून मुलाला कळतं की तो आलाय.

दोन शंका. पेपर ओढला जायचा शॉट किती लांब ठेवू? आणि पहाटेचा उजेड फार थोडा वेळ मिळतो, एवढे शॉट कसे बसवू?

निशाचर_प्रेक्षक

पुरवणी राहते हे फार भारी आहे. माझा विरोध संपला, हात दाखवू नकोस एवढंच.

रीळ_आणि_कात्री

शूटला तो शॉट पूर्ण मिनिटभर घे, किती ठेवायचा ते एडिटला ठरेल. पेपर हलायच्या आधी काही न घडणारा वेळ भरपूर घे, कापायला सोपं जातं, वाढवता येत नाही. "थोडासाच हलतो, थांबतो" तिथे थांबण्याचे तीन वेगवेगळे टेक घे, दोन सेकंद, चार, सात. आणि शूटच्या आधी मोबाईलवर काढलेले फोटो टाइमलाइनवर लावून, आवाजवाली म्हणतेय ते आवाज खाली टाकून एकदा पूर्ण बघ. आधी दीड मिनिटाला मोबाईल काढला त्याच मित्राला दाखव, आणि तो स्क्रीनकडे कधी बघतो ते न बोलता नुसतं टिपून ठेव.

पेपरवरच्या तारखांची काळजी घे. तीन जुने, चौथा आजचा, तारखा क्रमाने हव्यात आणि दुसऱ्या पहाटेचा पाचवा वेगळा. खऱ्या पेपरचं नाव दिसू देऊ नकोस, मास्टहेड म्हणजे वरची नावाची पट्टी स्वतः बनवून छापून घे.

उजेडाचं म्हणशील तर निळा उजेड आपल्याकडे जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. जिन्याचे शॉट रात्री घे, खिडकीबाहेर अंधारच हवाय. फूटपाथचा शॉट संध्याकाळी सूर्य मावळल्यावर घे, पहाट म्हणून खपतो, फक्त मागे ट्रॅफिक आणि उघडी दुकानं फ्रेममध्ये येऊ देऊ नकोस. जिन्यातल्या ट्यूबसाठी कॅमेऱ्याचं शटर एक पन्नासांश सेकंदावर ठेव, आपली वीज 50 हर्ट्झची आहे, नाहीतर फ्रेममध्ये पट्टे फिरतील.

आवाजवाली

पेपर ओढल्याचा आवाज तिथेच, त्याच दारावर, माइक जमिनीलगत ठेवून वेगळा रेकॉर्ड कर. संगमरवरावर कागद घासल्याचा आवाज स्टुडिओत तसा येत नाही. वीसएक वेळा ओढा, जुने पेपर भरपूर घेऊन जा. आणि वॉचमनला पंप किती वाजता लावतात ते आजच विचारून ठेव.

पहाटेचा_पेपर

विचारलं. पावणेसहाला. त्याच्या आत सगळं उरकतो.